कडेचे केस

वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला टक्कल असू नये. गणिताच्या मास्तरांना चालतं, इतिहासवाल्यांना तर शोभूनही दिसतं. पण आमच्या विषयात टकलासाठी शास्त्रीय संज्ञा आहे, आणि ती अकरावीच्या पोरांना पाठ करावी लागते.

प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत समोर एक फांदी ठेवतात आणि तिचं वर्णन लिहायला सांगतात. खोड कसं, पान साधं की संयुक्त, कडा अखंड की दातेरी, आणि सरतेशेवटी पृष्ठभाग. पृष्ठभागावर केस नसतील तर लिहायचं ‘ग्लॅब्रस’. हा शब्द मी पहिल्यांदा फळ्यावर लिहिला तेव्हा माझ्या केसांनी कपाळावरून माघार घ्यायला नुकती सुरुवात केली होती. खडू ठेवून वळलो, तर शेवटच्या बाकावर कुणीतरी खाकरलं. पुढची 26 वर्षं मी ‘ग्लॅब्रस सर’ होतो. पोरं बदलत गेली, अभ्यासक्रम दोनदा बदलला, नाव मात्र बाकावर कर्कटकाने कोरलेलं होतं. बाक काही कॉलेजने बदलले नाहीत.

मधल्या एका वर्षी एका हुशार मुलीने त्यात दुरुस्ती सुचवल्याचं कानावर आलं. तिचं म्हणणं असं, की सर ग्लॅब्रस नाहीत, ‘ग्लॅब्रेसेंट’ आहेत. म्हणजे कोवळेपणी अंगावर केस असतात, जून झाल्यावर गळून जातात. खरं तर मला राग यायला हवा होता. पण इतकी नेमकी व्याख्या त्या वर्षीच्या एकाही उत्तरपत्रिकेत मला सापडली नव्हती.

केसांच्या बाबतीत वनस्पतिशास्त्राची भाषा न्हाव्याच्या भाषेपेक्षा श्रीमंत आहे. मऊ, आखूड लव असेल तर प्यूबेसंट; मिसरूड फुटणाऱ्या पोरांसाठी डॉक्टर जो शब्द वापरतात तोच. लांब, राठ केस असतील तर हिरसूट. हात लावल्यावर टोचले तर हिस्पिड, तीन दिवसांच्या दाढीसारखे. रेशमासारखे एका दिशेने निजलेले असतील तर सेरिशिअस. आमच्या स्टाफरूममध्ये एक हिंदीचे सर होते, त्यांचे तसे होते. लोकरीसारखे एकमेकांत गुंतलेले असतील तर टोमेंटोज. आणि बाकी पान मोकळं, फक्त कडेला पापण्यांसारखी झालर असेल, तर सिलिएट. हा सगळा ऐवज माझ्या प्रश्नपत्रिकेत ‘वनस्पतींवरील केसांचे प्रकार आकृतीसह स्पष्ट करा, 4 गुण’ एवढ्यात बसायचा. आकृती नसली की मी अर्धा गुण कापत असे. त्यावरून मला दुसरंही एक नाव होतं, ते इथे सांगत नाही.

मुलांना वाटायचं, झाडाचे केस म्हणजे उगाच मार्कांपुरता विषय. मग मी विचारायचो, अंगातला शर्ट कशाचा आहे? सुती. सूत कशाचं? कापसाचं. आणि कापूस म्हणजे काय? गप्प. कापूस म्हणजे सरकीच्या अंगावरचे केस. सरकीच्या कवचावरची एकेक पेशी लांबत लांबत अडीच-तीन सेंटीमीटर होते. कापसाचा एक तंतू म्हणजे अशी एक अख्खी पेशी. सगळं वऱ्हाड बियांचे केस पिकवतं आणि आपण ते अंगावर घालून हिंडतो. हे सांगितल्यावर वर्ग क्षणभर आपापल्या बाह्यांकडे बघायचा. तरीही केसांचा धडा खऱ्या अर्थाने समजला तो फक्त एका बॅचला. सिंहगडाच्या सहलीत एका वीराने खाजकुयलीची शेंग दुसऱ्याच्या कॉलरमध्ये सोडली. शेंगेवरचे ते सोनेरी मखमली केस कातडीत कसे रुततात, मग काय काय होतं आणि किती वेळ होतं, हे चाळीस जणांनी प्रत्यक्ष पाहिलं. त्या वर्षी या प्रश्नाला सगळ्यांना पुरे गुण पडले. कॉलरवाल्याने तर पुरवणीही मागून घेतली होती.

निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी, जुलैच्या पहिल्या आठवड्यात, आम्ही दोघं लेकीकडे झ्युरिकला गेलो. स्वित्झर्लंडला गेलेल्या मराठी माणसाचा मार्ग ठरलेला असतो. इंटरलाकेनला यश चोप्रांच्या पुतळ्याशेजारी फोटो काढायचा, मग रेल्वेने युंगफ्राउयोखला, 3454 मीटरवर जाऊन बर्फात कुडकुडायचं आणि बॅगेतून मेथीचे ठेपले काढायचे. आम्हीही पहिल्या दिवशी हे सगळं यथासांग केलं. दुसऱ्या दिवशी मात्र जावईबापू म्हणाले, “बाबा, आज तुमच्यासाठी एक जागा आहे. तिथे वर फक्त झाडं आहेत.” आमच्या हिने ‘फक्त’ या शब्दावर माझ्याकडे पाहिलं, पण बरोबर आली.

विल्डर्सविल नावाच्या गावातून एक लहानशी दात्यांची रेल्वे शिनिगे प्लाटेवर चढते. 1893 पासून चढते आहे. सव्वासात किलोमीटरला पाऊण तासाहून जास्त वेळ घेते, म्हणजे आपली माथेरानची गाडी आठवावी असा तिचा बेत. वर स्टेशनाला लागूनच, साधारण 1970 मीटर उंचीवर, आल्प्सच्या रानझाडांची बाग आहे. बाग म्हणजे फुलांच्या गादीवर फुलांनी लिहिलेलं ‘सुस्वागतम्’ नव्हे. डोंगरावर जी झाडं ज्यांच्या शेजाराने राहतात, त्यांना तसंच ठेवलेलं: इथे खडकातली वस्ती, तिथे घसरणीवरची, पलीकडे बर्फ उशिरा वितळतो त्या खळग्यातली. समोर आयगर, म्योंख आणि युंगफ्राउ असे तीन धिप्पाड पहाड उभे. सगळे लोक त्यांच्याकडे तोंड करून उभे होते आणि मी एकटा त्यांच्याकडे पाठ करून गुडघ्यांवर. गुडघ्यांनी याबद्दल संध्याकाळी बोलून दाखवलं.

तर मी गुडघ्यांवर होतो आणि माझ्या पुढ्यात गुडघ्याएवढंच एक झुडूप होतं. गुलाबी घंटांसारख्या फुलांचे झुबके, बोटाच्या एका पेराएवढी हिरवीगार पानं. पाटी जर्मन. माझी नात इरा सात वर्षांची, शाळेत तिकडची बोली बोलते आणि घरी मराठी, त्यामुळे दुभाषी म्हणून तिला शेजारी उकिडवी बसवली होती.

“बेविम्पर्टे आल्पेनरोझे,” तिने वाचलं. मग थांबून विचार केला. “आल्प्सचा गुलाब. पापण्यांवाला.”

खाली लॅटिन नाव होतं, ते मला दुभाष्याशिवाय कळलं. रोडोडेंड्रॉन हिरसूटम. हिरसूटम म्हणजे केसाळ. बारसं लिनियसने केलं, 1753 साली. रोडोडेंड्रॉन हा शब्द ग्रीक, अर्थ गुलाबाचं झाड. आणि याचा गुलाबाशी काडीचाही संबंध नाही. हिमालयातला बुरांश याच्याच गोत्रातला, पण तो खराखुरा वृक्ष, डोंगरच्या डोंगर लाल करणारा. आणि हे महाशय ‘गुलाबवृक्ष’ म्हणून घेतात आणि उंची चपलांच्या स्टँडएवढी. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

याच्या बुटकेपणाला हसण्याचा अधिकार मला नाही. मी स्वतः पाच फूट तीन. पण तो बुटकेपणा कशासाठी, ते मला त्या दिवशी अंगाने कळलं. झालं असं, की वाऱ्याने माझी टोपी उडाली. टोपी पुढे, जावईबापू मागे. तिकडच्या डोंगरावरचा वारा उघड्या टकलावरून जातो तेव्हा डोक्याला एकदम हिवाळा होतो. भिंगातून पाहायला म्हणून मी गवतात सरळ पालथा झालो, आणि वारा बंद! म्हणजे वर सुरूच होता, त्याचा आवाज येत होता. जमिनीलगत मात्र नव्हता. दगड उन्हाने तापलेले, झुडपात उबदार, दमट वास. दोन फूट वर जुलैतला हिवाळा आणि इथे खाली कोकणातली दुपार. पहाडावरची अशी बुटकी झाडं उन्हाच्या दिवशी भोवतालच्या हवेपेक्षा दहा अंशांनी, कधी त्याहूनही जास्त, गरम राहतात हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. पोटावर पडून पाहिलेलं नव्हतं. डोकं वर काढणाऱ्याला वारा, खाली मुंडी घालून राहील त्याला ऊब, असा तिथला साधा कायदा. हिवाळ्यात तो अधिकच कडक होतो. झुडूप बर्फाखाली गेलं की त्याला गोधडी मिळते; बाहेर शून्याखाली वीस अंश असले तरी आत जेमतेम शून्याच्या आसपास. जी फांदी वाढीच्या भरात बर्फाच्या वर डोकावते, ती थंडीने जळून जाते. वसंतात पाहावं तर झुडूप वरून कात्रीने छाटल्यासारखं. माळी बर्फच.

याच नियमाने तिथे एक विलोसुद्धा होता. लिनियसने त्याला झाडांमधलं सगळ्यांत लहान झाड म्हटलं होतं. खोड जमिनीच्या पोटात, वर दोन-तीन गोल पानं आणि एवढासा तुरा, सगळी मिळून उंची करंगळीएवढी. इराने विचारलं, “हे झाड आहे? मग मी त्याच्यावर चढले तर?” चढायला पाय ठेवला असता तर ते झाड बुटाखाली गेलं असतं. आम्ही तिला मागे ओढलं.

मग केस. बाबा आदमच्या काळातलं माझं दहापटीचं भिंग मी खिशातून काढलं आणि पानाला लावलं. लिनियसने केसाळ म्हटलंय, तेव्हा पान चांगलं अस्वलासारखं असणार, अशी माझी तयारी होती. पाहतो तर वरून पान गुळगुळीत. चकचकीत म्हटलं तरी चालेल. खालच्या बाजूला थोडे खवले, बस. हे कसलं केसाळ? लिनियसने दुसऱ्याच कुणाची चिठ्ठी चुकून याला चिकटवली की काय, अशी शंका आली. मग भिंग थोडं सरकलं आणि पानाची कड समोर आली. कडेला केस होते. लांब, राठ, वेगवेगळे मोजता येतील असे, सबंध पानाभोवती ओळीने उभे, आणि मागून येणाऱ्या उन्हात एकेक केस पेटल्यासारखा. मध्ये तुळतुळीत माळ आणि भोवती झालर.

मी काहीच बोललो नाही. हे चित्र आपण कुठेतरी रोज पाहतो असं मात्र वाटत राहिलं.

दोन हातांवर याचाच भाऊबंद लावला होता. फुलं जवळजवळ तीच, उंची तीच, लांबून पाहिलं तर जुळेच. पाटीवर ‘गंजक्या पानांचा आल्प्सचा गुलाब’, लॅटिनमध्ये फेरुगिनिअम. पान उलटं केलं तर खाली लोखंडाला चढतो तसा तांबूस गंज, आणि कडा साफ, एक केस नाही. दोघे भाऊ एकाच पर्वतावर नांदतात, पण शेजारी राहत नाहीत. कारण दगड. गंजक्याला आम्लधर्मी जमीन लागते. केसाळ चुनखडीवरच सुखी. आता रोडोडेंड्रॉन कुळाला चुना म्हणजे वैरी. जगभरचे बागवाले या कुळाला चुन्यापासून जपून ठेवतात. आणि हा एक भाऊ मात्र असा निघाला, की चुना लागल्याशिवाय त्याचं पान रंगत नाही. इंग्लंडमध्ये लागवडीत आलेला पहिला रोडोडेंड्रॉन हाच, 1656 मध्ये ट्रेडस्कंट नावाच्या माळ्याच्या बागेतला. म्हणजे इंग्रजांनी त्या कुळाची ओळख करून घेतली ती नेमकी कुळाबाहेर वागणाऱ्यापासून.

जिथे दोन तऱ्हेचे दगड एकमेकांना भेटतात, तिथे हे दोघेही भेटतात, आणि मग व्हायचं ते होतं. होणाऱ्या संततीला शास्त्रज्ञांनी ‘इंटरमीडियम’ म्हटलंय, म्हणजे मधलं. पानाखाली थोडा गंज, कडेला थोडे केस. मी हे हिला सांगितलं तेव्हा तिने ते तत्काळ आपल्या धाकट्या भाच्याच्या नाकावर लावून दाखवलं.

त्या बागेत केसांना तोटा नव्हता. एडलवाइस होतं, लोकरीचा कोट घातलेलं. त्याच्या पांढऱ्या केसांवर बेल्जियमच्या भौतिकशास्त्रज्ञांनी 2005 साली शोधनिबंध लिहिला. ते केस इतके सूक्ष्म धाग्यांचे असतात, की अतिनील किरण तिथेच अडकतात, आत पोचत नाहीत. ड्रायस होता, आठ पाकळ्यांचा, जमिनीवर चटईसारखा पसरलेला, पानाच्या पोटाला पांढरा नमदा शिवलेला. पानातली पाण्याची वाफ ज्या छिद्रांतून जाते ती बहुधा पानाच्या पोटाला असतात. तिथे केसांचं अस्तर असलं की त्याच्यात हवा अडून राहते, आणि वारा येऊन पाणी पळवू शकत नाही. दाराला पडदा लावावा तसं. या ड्रायसची पानं उत्तर युरोपात जुन्या तळ्यांच्या चिकणमातीत सापडली. त्यावरून साधारण 12,900 ते 11,700 वर्षांपूर्वी परतून आलेल्या थंडीच्या काळाला शास्त्रज्ञ ‘यंगर ड्रायस’ म्हणतात. माणसाच्या नावाचे रस्ते होतात. या वीतभर झुडपाच्या नावाने बाराशे वर्षांचा हिवाळा आहे.

आणि हिमालयात तर फेणकमळ आहे: कापसाचा गोळा पडलाय असं वाटावं, आणि आत फुलं. ब्रह्मकमळाचं सख्खं भावंड ते. आपल्या पुण्या-मुंबईच्या बाल्कन्यांमध्ये रात्री बाराला उमलतं आणि ज्याच्यापुढे उदबत्ती लावून शेजाऱ्यांना बोलावतात, ते ब्रह्मकमळ नव्हे. ते मेक्सिकोकडून आलेलं निवडुंगाच्या जातीतलं फूल. हे मी आमच्या सोसायटीत एकदाच सांगितलं होतं. त्यानंतर कुणी बोलावलं नाही.

एव्हाना टोपी सापडली होती, पण ओली होऊन. उंचीवर ऊन नुसतं लागत नाही, भाजून काढतं. हिने पर्समधून मलमाची ट्यूब काढली, मला बाकावर बसवलं आणि भर बागेत, तीन शिखरांच्या साक्षीने, माझ्या टाळूला लेप द्यायला सुरुवात केली. एडलवाइसला जे काम केस करून देतात ते माझ्या बाबतीत धर्मपत्नी करते, असं मी म्हणालो. “हलू नका,” ती म्हणाली.

इरा मागे उभी राहून हा विधी पाहत होती. भिंग तिच्याकडे होतं. तिने ते माझ्या कानामागे लावलं, मग मानेवर आणलं, मग दुसऱ्या कानाशी, अगदी पद्धतशीरपणे, जशी मी मघाशी पानाची कड पाहिली होती.

“आजोबा, तुम्ही पण बेविम्पर्ट.”

आजीचा हात थांबला. जावईबापूंना एकाएकी आयगर बघायची निकड लागली.

“पापण्यांवाले,” तिने आमच्या सोयीसाठी मराठीत सांगितलं. “मध्ये गुळगुळीत आणि कडेला केस.”

मी बाकावर बसल्या बसल्या 26 वर्षांचा हिशेब मांडला. बाकावर कोरलेला शब्द चूक होता. माझ्या वर्गात, माझ्याच विषयात, माझ्याच डोक्याचं वर्णन पोरांनी चुकीचं लिहिलं, आणि मी ते ऐकून मनातल्या मनात बरोबरची खूण करत राहिलो. ग्लॅब्रस म्हणजे कुठेच केस नसणं. मला केस होते. कानांवरून मागे, मानेपर्यंत अखंड. महिन्याला त्यांचे पैसे न्हावी पूर्ण घेतो.

संध्याकाळी उतरत्या गाडीत मी भिंगातून काढलेला पानाच्या कडेचा फोटो जुन्या बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘ओळखा. पृष्ठभाग व कडेचं वर्णन करा. 4 गुण.’ गाडी खिडकीबाहेर गाईंच्या घंटा वाजवत दात्यांवरून कटकट खाली चालली होती. पुण्यात रात्र होती, तरी उत्तरं यायला लागली. एकाने ‘डाळिंब?’ लिहिलं, तो आता सीए आहे. एकाने फक्त हात जोडले. कॉलरवाल्याने विचारलं, ‘सर, खाजतं का?’

मग ती ग्लॅब्रेसेंटवाली आली. सध्या नाशिककडे औषधी झाडांची रोपवाटिका चालवते.

‘रोडोडेंड्रॉन हिरसूटम. लॅमिना ग्लॅब्रस, मार्जिन सिलिएट.’ आणि लगेच दुसरा मेसेज: ‘सर, तेव्हा आमच्याकडून वर्णन चुकलं होतं. आता दुरुस्त करून मिळेल का?’

मी लिहिलं, ‘आकृती नाही. अर्धा गुण वजा.’

विल्डर्सविल यायच्या आत आकृती आली. कागदावर निळ्या पेनाने काढलेलं एक लंबगोल डोकं, मधोमध मोकळं, आणि कानांभोवती मोजून बावीस केस.